हौशीची पणजी

"शेरडांचा वास सोसंल का?"

खातीपुऱ्यात घर बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आम्हाला एवढा एकच प्रश्न विचारला. ह्यांची नोकरी कसली, माणसं किती, मांसमच्छी खाता का, पाणी किती लागतं, यातलं काही नाही. त्याआधी आठ घरं पाहून झाली होती आणि आठही ठिकाणी आमची साग्रसंगीत चौकशी झाली होती. इथे दारात एक उंच, काटकुळ्या बाई उभ्या होत्या. नऊवारीवर लष्करी हिरवा स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, कपाळावर गोंदण. ह्यांच्या विमा ऑफिसातल्या बदलीने नाशिकहून जयपूरला येऊन मला वीस दिवस झाले होते. त्या वीस दिवसांत घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. मला एकदम रडू आलं.

"सोसेल," मी म्हणाले.

"मग ऱ्हावा," असं म्हणून त्या दूध काढायला निघून गेल्या. घर आतून बघायचं राहिलंच. ते आम्ही सामान आणल्यावर पाहिलं.

आम्ही त्यांना काकू म्हणायला लागलो. गल्लीत त्यांना सगळे 'मराठण माँजी' म्हणत. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, माणदेशातलं. यजमान फौजेत, खेचरांच्या तुकडीत. शेवटची बदली जयपूरला झाली, निवृत्त होऊन त्यांनी खातीपुऱ्यात चार खोल्या बांधल्या आणि दोन वर्षांत ते गेले. भाऊ न्यायला आले तेव्हा काकूंनी विचारलं, "माझी शेरडं कोण बघंल?" तेव्हा त्यांच्याकडे दोनच शेळ्या होत्या. आम्ही राहायला गेलो तेव्हा सात होत्या, आणि भाऊ पुन्हा आले नव्हते.

काकूंना शेळीची जात ओळखता येत असे. ऐकायला यात काही विशेष वाटत नाही. पण शुद्ध जातीची शेळी कोणीही ओळखेल. खातीपुऱ्यात आणि पलीकडे झोटवाड्यात घरोघरी दोन-दोन, तीन-तीन शेळ्या पाळलेल्या असत, त्या सगळ्या मिसळीच्या. फौजी माणसं देशभरातून यायची, येताना कुणी आग्र्याकडची शेळी आणायचं, कुणी पंजाबातली, आणि बदली झाली की शेजाऱ्याला देऊन निघून जायचं. अशा तीन-चार पिढ्या झाल्या की त्या शेळीत कुठलं काय उतरलंय ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. काकूंना येई.

कुणी शेळी घेऊन आलं की त्या आधी तिच्याकडे बघतच नसत. हातातलं काम चालू ठेवत. शेळी जरा स्थिरावली, इकडेतिकडे तोंड घालायला लागली, की मग उठून तिच्या मागून यायचं. आधी कान. कान ओढून नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचतो का ते बघायचं. मग नाकाच्या हाडावरून अंगठा फिरवायचा. पोपटाच्या चोचीसारखा बाक लागला की "यमुनापारचं रगत हाय". गळ्याखाली लोंबणाऱ्या दोन मांसल गुंड्या आहेत का, केस आखूड की झुपकेदार, कास पुढे की मागे, खुराची फट केवढी. शेवटी शेळीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायच्या आणि ती काय आवाज काढते ते ऐकायच्या. मग निकाल. निकाल आण्यांत असे.

"दस आना सिरोही, चार आना जमनापारी. दो आना भगवान को मालूम."

हे शेवटचे दोन आणे काकू कधी सोडत नसत. "पुरतं कुणालाच ठावं नसतं," म्हणत. काकूंचं हिंदी फौजेतलं होतं आणि त्यात हवं तेव्हा माणदेश घुसे. समोरच्याला कळलं नाही तर त्या तेच वाक्य तसंच्या तसं, जरा मोठ्याने म्हणत.

एकदा माझ्या सासूबाई नाशिकहून महिनाभर राहायला आल्या. आमची लेक तेव्हा साडेतीन वर्षांची. "आजी, मला पानी पिना है" असं ती बोलली आणि सासूबाईंचं तोंड उतरलं ते उतरलंच. उठता-बसता तेच. "धड मराठी नाही, धड हिंदी नाही. कुठली म्हणायची ही पोर?" एक दिवस अंगणात काकूंसमोर त्यांनी हे म्हटलं. काकूंनी दुधाचं भांडं खाली ठेवलं, पोरीची हनुवटी धरली, तोंड डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, कान बघितले.

"नाक तुमचं हाय," काकू म्हणाल्या. "कान हिच्या आईचं. बोली जयपुराची. यात न कळन्यासारखं काय हाय?"

सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मात्र मला हळूच म्हणाल्या, "नाक खरंच माझ्यासारखं आहे का गं?"

काकू चुकत नसत असं नाही. एका उन्हाळ्यात झोटवाड्यातल्या एका बाईची काळी शेळी त्यांनी पाहिली आणि ती अलवरकडच्या जखराना जातीची, बारा आणे, असं सांगितलं. थंडीत रेल्वेच्या फाटकापलीकडे तीच शेळी चरताना दिसली, तर अंगावर वीतभर लांब केस. उन्हाळ्यात तिचे केस कातरलेले होते. शेळी मारवाडी जातीची होती. जानेवारीतलं धुकं, पुढचं माणूस दिसत नव्हतं, आणि काकू कानाला मफलर गुंडाळून दोन-अडीच मैल चालत त्या बाईकडे गेल्या. "मैंने गलत बताया था," एवढं सांगायला. ती बाई हसली. "माँजी, दूध तो उतना ही देती है."

काकूंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. घरी येऊन त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मी त्यांना म्हटलं, "काकू, एवढं काय त्यात? शेळी ती शेळी."

मग दूध काढता काढता त्यांनी सांगितलं. यजमानांच्या तुकडीत प्रत्येक खेचराचा कागद असे. वय किती, पाय कसे, ओझं किती घ्यायचं. एका खेचराच्या मागच्या पायात खोट होती. कुणीतरी कंटाळा केला आणि कागदावर 'पाय चांगला' असं लिहून टाकलं. डोंगरातल्या वाटेवर ते खेचर भरल्या ओझ्यानिशी घसरलं, आणि त्याची दोरी हाताला गुंडाळलेला माणूसही त्याच्याबरोबर गेला. तो यजमानांचा जोडीदार होता, त्यांच्याच गावचा.

"त्याच्या आईला सांगाया आमीच गेलो व्हतो," काकू म्हणाल्या. "जनावराला बोलता येत न्हाई, पोरी. त्याच्याबद्दल मानसानंच नीट बोलायचं."

त्यानंतर मी पुन्हा 'शेळी ती शेळी' म्हटलं नाही.

आता कॉलनीची गोष्ट. आम्ही गेल्यावर तिसऱ्या वर्षी आमच्या भागात एक समिती झाली. रस्ते, दिवे, झाडं यांचं बघायला. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त इंजिनिअर निवडून आले. त्यांना सगळे अध्यक्षजीच म्हणत. माणूस सज्जन, पण शिस्तीचा. घरी एक अल्सेशियन कुत्रा, आणि त्या कुत्र्याच्या वंशावळीचा कागद काचेच्या फ्रेममध्ये बैठकीत लावलेला. पाहुण्याला चहाच्या आधी तो कागद वाचायला लागे.

समितीने ठराव आणला की कॉलनीत आवारा आणि बेनस्ल, म्हणजे भटकी आणि जातकूळ नसलेली, जनावरं ठेवता येणार नाहीत. नस्ली जनावर असेल, कागद असेल, तर तो शौक आहे, त्याला हरकत नाही. बाकीची महिनाअखेर हलवावीत. ठरावात काकूंचं नाव नव्हतं, पण आमच्या कॉलनीपुरत्या शेळ्या आता फक्त त्यांच्याकडेच उरल्या होत्या.

अध्यक्षजी स्वतः सांगायला आले. काकूंबद्दल त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. उलट त्यांनीच तोड सुचवली. सी-स्कीममध्ये, जयपूरच्या श्रीमंत वस्तीत, एका बंगल्याच्या हिरवळीवर पाळीव प्राण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. यंदा त्यात शेळ्यांचाही विभाग होता. "आपकी हौशी तो पूरी सिरोही लगती है," ते म्हणाले. "वहाँ से एक सर्टिफिकेट ले आइए, माँजी. एक का कागज आ गया तो मैं बाकी सबको उसी का परिवार लिख दूँगा. बात खतम."

हौशी म्हणजे काकूंची सगळ्यांत देखणी शेळी. तांबूस अंगावर गडद ठिपके, लांब पानासारखे कान, चाल अशी की जणू माहेरी निघालीय. काकूंना जायचं नव्हतं. मीच मागे लागले. सात शेळ्यांचा प्रश्न होता आणि माझ्या लेकीला गाईचं दूध पचत नव्हतं, ती हौशीच्या दुधावर वाढली होती. मी स्वतः हौशीला अंघोळ घातली, खुरं घासली. ऑटोवाल्याशी भांडले. त्याचं म्हणणं, बकरी सीटवर बसणार नाही. हौशी सीटवरच बसली. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना.

सी-स्कीममधली ती हिरवळ बघून मी दबूनच गेले. छत्र्यांखाली खुर्च्या, मांडीवर पांढरी कुत्री घेतलेल्या बायका, रंगीत सरबतं. शेळ्यांच्या दोरीपाशी आठ-दहा जण. त्यांत लांबच्या खेड्यातून आलेली गुरं राखणारी एक म्हातारी गुजरीण होती, तिच्याजवळ एक रोड, मळकी, तांबडी शेळी. तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

परीक्षक एक जनावरांचे डॉक्टर होते, टाय लावलेले. ते प्रत्येक शेळीपुढे अर्धा मिनिट थांबले आणि हौशीपुढे चार मिनिटं. मग वळून टाळ्या वाजवल्यासारखे हात केले. "ये देखिए. शुद्ध सिरोही. ऐसा जानवर आजकल देखने को नहीं मिलता. पहला नंबर." टेबलावर जाऊन त्यांनी पेन उघडलं. कडेला सोनेरी वेलबुट्टी असलेला जाड कागद होता. मी काकूंचा हात दाबला.

"साहब," काकू म्हणाल्या. "मत लिखो."

डॉक्टरांनी वर बघितलं.

"ये शुद्ध नहीं है. इसकी पणजी बरबरी थी."

मी त्यांच्या स्वेटरची बाही ओढली. "काकू, गप्प बसा ना!"

"पणजी?" डॉक्टर गोंधळले. "मतलब गोवा से आई थी?"

छत्र्यांखालून हसू आलं. काकूंना त्यांना काय कळलं नाही ते कळेना. त्यांनी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. "पणजी! बरबरी थी!" पुन्हा हसू. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पणजीला काय म्हनत्यात गं यांच्यात?"

मला आजही तो क्षण नीट आठवतो. मी 'माहीत नाही' म्हणू शकत होते. काकूंचा तमाशा तिथेच हसण्यावारी गेला असता आणि डॉक्टरांनी तो कागद लिहून टाकला असता. सात शेळ्या वाचल्या असत्या. पण काकू माझ्याकडे असं बघत होत्या की जणू मी विहिरीवरची दोरी धरून उभी आहे.

"परनानी," मी म्हणाले. "डॉक्टरसाहब, ये कह रही हैं कि इसकी परनानी बरबरी नस्ल की थी."

हसू थांबलं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "मुझे तीस साल हो गए इस काम में," ते म्हणाले. "बरबरी का कान इतना-सा होता है, खड़ा. ये कान देखिए!"

काकू हौशीच्या मागे गेल्या आणि एकदम जोरात टाळी वाजवली. हौशी दचकली. तिचे ते लांब, लोंबते कान क्षणभर मुळापासून वर उचलले गेले, आडवे झाले आणि पुन्हा पडले. मग काकू त्या गुजरिणीच्या शेळीमागे गेल्या आणि तशीच टाळी वाजवली. शेळी दचकून दोन पावलं पुढे गेली, पण कान जसेच्या तसे लोंबत राहिले.

"ये शुद्ध है," काकू म्हणाल्या. "दुबली है, इसलिए आपको दिखी नहीं."

डॉक्टर त्या रोड शेळीपाशी गेले. बराच वेळ वाकून बघत राहिले. कान, नाक, खुरं. मग त्यांनी स्वतःच हौशीच्या मागे जाऊन एकदा टाळी वाजवली. त्यांचं मला कौतुक वाटतं. ते परत टेबलाशी गेले आणि त्या वेलबुट्टीच्या कागदावर लिहायला त्यांनी गुजरिणीला तिचं नाव विचारलं. म्हातारीला काय चाललंय ते कळतच नव्हतं. कागद हातात आल्यावर तिने तो आधी शेळीला दाखवला.

परतताना ऑटोत मी काकूंशी बोलत नव्हते. खासा कोठीच्या चौकापर्यंत धीर धरला आणि मग स्फोट झाला. "तुम्ही फक्त गप्प बसायचं होतं!"

"गप्पच बसले व्हते की," काकू म्हणाल्या. "ते बोलत व्हते तवर म्या काय म्हटलं का? ते लिवाय लागले म्हनून बोलले."

"आता शेरडं जातील, काकू."

"जातील."

एवढंच म्हणाल्या. पण हौशीच्या मानेवर ठेवलेला हात त्यांनी घर येईपर्यंत काढला नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. काकू रोज सकाळी निघायच्या आणि कुठली शेळी कुणाच्या दावणीला नीट राहील ते बघून यायच्या. एकीला सोबत लागते, एकीला कुत्र्याची भीती, एकीला खरकटं चालत नाही. संध्याकाळी अंगणात बसून मला सांगत. मी ऐकत असे. हे मला म्हणाले, "तू जाऊन अध्यक्षांना भेट." मी गेले नाही. माझं हिंदी कच्चं होतं आणि मी भित्री होते.

रविवारी सकाळी अध्यक्षजींच्या व्हरांड्यात समितीची बैठक झाली. वीस-पंचवीस माणसं होती. सी-स्कीममधली हकीकत सगळ्यांना कळली होती. अध्यक्षजी अस्वस्थ होते. त्यांनी ठरावाचा कागद पुढे ओढला आणि शेवटचा प्रयत्न केला.

"माँजी, डॉक्टर तो खुद लिख रहे थे. मैं रजिस्टर में सिरोही लिख देता हूँ. किसको पता चलेगा?"

"हौशीला," काकू मराठीतच म्हणाल्या. मग हिंदीत, "जो है वो लिखो."

"तो क्या है, बताइए! एक-एक का बताइए, मैं वही लिखूँगा," अध्यक्षजी जरा चिडूनच म्हणाले आणि त्यांनी पेन हातात घेतलं.

काकूंनी पदर खांद्यावरून घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. तिकडे काकूंच्या मुलखात, दक्षिण महाराष्ट्रात, हेळवी येतात, बैलावर बसून, आणि घरापुढे उभं राहून त्या घराच्या पिढ्या धडाधड म्हणून दाखवतात. काकूंचा सूर थेट तसा लागला. हौशी. हौशीची आई तांबडी. तांबडीची आई चंद्री, बाप झोटवाड्याच्या मिस्त्रीचा बोकड. चंद्रीची आई बरबरी, आग्र्याच्या हवालदाराच्या बायकोने बदलीच्या दिवशी दिलेली. त्या बरबरीची आई, तिची आई, तिचीही आई, हवालदारणीने सांगितलेलं जसंच्या तसं. मग दुसरी शेळी. मग तिसरी. पणजी, खापरपणजी आली की काकू माझ्याकडे बघत आणि मी सांगत असे, "परनानी. उनकी माँ." पहिल्या दोन वेळा माझा आवाज फुटला नाही. तिसऱ्यापासून सगळ्यांना ऐकू जायला लागला.

सुरुवातीला माणसं हसली. मग मागून एक सरदारणी एकदम उभी राहिली. "ओ जी, वो गोरी तो हमारी थी! गुरदासपुर से लाए थे!" काकूंनी डोळे न उघडता मान हलवली. "गोरीची नात माझी मैना. मैनाची लेक रुपी." मग समोरचे गुप्ताजी म्हणाले की यादीतला लंगडा बोकड त्यांच्या वडिलांचा होता. मग कुणी म्हणालं, त्याच्या घरची शेळी यात कुठे येते ते सांगा. लग्नघरात नाती जुळताना होतो तसा व्हरांड्यात गलका झाला. अध्यक्षजी लिहीत होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. एक पान झालं, दुसरं झालं, चौथं झालं. चहा दोनदा आला. कुठे आठवलं नाही तर काकू सांगत, "यहाँ मालूम नहीं, ऐसा लिखो," आणि अध्यक्षजी तसं लिहीत.

सातवी शेळी संपली तेव्हा दुपार झाली होती. अध्यक्षजींनी पेन ठेवलं. कागद एकावर एक लावले. दाराच्या उघड्या फटीतून बैठकीतली ती काचेची फ्रेम दिसत होती. ते तिकडे बघत राहिले.

"मेरे टायगर की तो तीन पीढ़ी लिखी है," ते हळूच म्हणाले. "यहाँ सात-सात हैं." त्यांनी ठराव जवळ घेतला आणि 'आवारा' या शब्दाखाली बोट ठेवलं. "जिसकी सात पीढ़ी मालूम हो, उसको मैं आवारा कैसे लिखूँ?"

त्यांनी ठराव घडी करून खिशात घातला. तो पुन्हा बाहेर निघाला नाही. शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून अध्यक्षजींच्या अंगणातल्या गुलाबांना मात्र जाळी लागली, आणि ती काकूंनी स्वतः बांधून दिली.

परतताना मी काकूंचा हात धरून चालत होते. मला वाटलं होतं त्या खूश असतील. त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "रुपीच्या बापाकडनं एक पिढी म्या गाळली गं. उद्या जाऊन लिवाय सांगते." आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेल्या.

सत्त्याऐंशीत आमची बदली पुण्याला झाली. दोन वर्षांनी गल्लीतल्या त्याच सरदारणीच्या मुलीचं लग्न निघालं, म्हणून मी एकटीच जयपूरला गेले. काकू होत्या. थोड्या वाकल्या होत्या, बूट तेच, स्वेटरला कोपरावर ठिगळं. लग्नाला आम्ही दोघी चालत निघालो. काकूंनी माझ्या आग्रहाने नवं लुगडं नेसलं होतं.

स्टेशनाजवळ झाडाखाली एक जण तीन-चार करडं विकायला घेऊन बसला होता. बाहेरगावचा असावा, त्याने काकूंना ओळखलं नाही. एका गिऱ्हाइकाला तो सांगत होता, "भाईसाहब, ये ऐसी-वैसी नहीं है. मराठण की नस्ल है. इधर सब जानते हैं. दूध भी देती है और बीमार भी नहीं पड़ती."

मी काकूंकडे बघितलं. त्या थांबल्या होत्या.

"क्या नस्ल बोला?" त्यांनी विचारलं.

"मराठण की, माँजी. अलग ही नस्ल है."

काकू खाली बसल्या. त्या करडाचा कान ओढून नाकापर्यंत आणला. हाडावरून अंगठा फिरवला. खूर उचलून बघितलं. त्याच्या कानाशी तोंड नेलं. विकणारा घाबरून गेला होता, गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"बरोबर बोलतोय त्यो," काकू मला म्हणाल्या. "मैनाची पणती हाय." आणि उठून चालायला लागल्या.

मला राहवलं नाही. मी मागे वळून म्हणाले, "भैया, यही हैं वो मराठण."

तो माणूस क्षणभर तसाच बसून राहिला. मग एका काखेत एक, दुसऱ्या काखेत एक अशी करडं घेऊन आमच्यामागे धावत आला. "माँजी! माँजी, रुको! इन दोनों का भी बता दो!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. नव्या लुगड्याकडे बघितलं. मग पदर खोचून तिथेच रस्त्याच्या कडेला मांडी घातली आणि पहिल्या करडाचा कान हातात घेतला. भोवती माणसं जमली.

आम्ही मंडपात पोचलो तेव्हा नवरी सासरी निघाली होती.